जमत होतें कीं जमलें? — इंग्रजी ‘कुड’ आणि मराठी ‘शकला’

एका काल्पनिक खटल्यापासून या विषयाचा आरंभ करणें सोयीचें होईल. नागपूरच्या एखाद्या पेठेंतील दुकानांत रात्रीं चोरी झाली, असें समजावें. कुलूप फोडलेलें नाहीं. तें अलगद उघडलेलें आहे. संशय आहे तो दुकानांतील जुन्या नोकरावर. शेजारचा म्हातारा पहारेकरी साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहतो आणि मराठींत एकच वाक्य बोलतो. तें वाक्य पुढील दोहोंपैकीं कोणतेंहि असूं शकेल. ‘त्याला तें कुलूप किल्लीवांचून उघडतां येत असे,’ हें एक. ‘त्याला तें कुलूप किल्लीवांचून उघडतां आलें,’ हें दुसरें.

दोन वाक्यांत फरक काय तो ‘येत असे’ आणि ‘आलें’ एवढाच. परंतु पहिल्या वाक्यानें नोकराच्या हातचें कसब सांगितलें. दुसऱ्यानें त्याच्या हातून घडलेलें कृत्य सांगितलें. कसब असणें हा गुन्हा नव्हे. पहिल्या वाक्यावर फार तर संशय उभा राहील. दुसऱ्या वाक्यावर शिक्षा उभी राहूं शकते. मराठी ऐकणाऱ्या कोणाहि माणसाला हा भेद समजावून द्यावा लागत नाहीं. तो कानाला आपोआप कळतो.

अडचण पुढेंच आहे. खालच्या न्यायालयांत साक्षीदार आपल्या भाषेंत बोलतो. परंतु राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमानें उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरविली आहे. तेव्हां प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेलें म्हणजे मराठी साक्षीचें इंग्रजी भाषांतर करावें लागतें. आतां भाषांतर करणाऱ्यानें शाळेंत पाठ केलेल्या शब्दार्थांवर विसंबून दोन्ही वाक्यांचें एकच इंग्रजी केलें, आणि दोहींकडे ‘ही कुड ओपन द लॉक’ असें लिहिलें, तर काय होईल? साक्षीदारानें कृत्य पाहिलें असून कागदावर नुसतें कसबच उरेल. ज्या एका शब्दावर निकाल फिरावयाचा, तोच वाटेंत गळून पडेल. व्याकरणाचा हा प्रश्न म्हणजे केवळ परीक्षेंतील गुणांचा प्रश्न नव्हे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

ही चूक होते कशी, तें पाहूं गेल्यास तिचें मूळ शाळेच्या बांकावर सांपडतें. इंग्रजीच्या आरंभींच्या धड्यांत ‘कॅन म्हणजे शकणें’ असा शब्दार्थ मुलें पाठ करतात. तो चूक नाहीं. पुढें शिक्षक सांगतात कीं ‘कॅन’चें भूतकाळी रूप ‘कुड’. तेंहि बरोबर. मग विद्यार्थी आपल्या मनाशीं त्रैराशिक मांडतो : ‘कॅन’ म्हणजे ‘शकतो’, ‘कॅन’चा भूतकाळ ‘कुड’, ‘शकतो’चा भूतकाळ ‘शकला’, म्हणून ‘कुड’ म्हणजे ‘शकला’. हिशेब दिसावयास बिनचूक आहे. परंतु भाषेंत त्रैराशिक चालत नाहीं. ‘कुड’ आणि ‘शकला’ यांची ही सोयरीक मुळांतच विजोड आहे.

‘शकला’ या शब्दांत मराठी माणूस काय ऐकतो, तें तपासून पाहावें. ‘काल पावसांतहि तो विदर्भ एक्सप्रेस पकडूं शकला,’ असें कोणी सांगितलें, तर ऐकणारा असें विचारीत नाहीं कीं, ‘मग पकडली का?’ विचारलें तर लोक हंसतील. गाडी मिळाली, हें ‘शकला’ या शब्दानेंच सांगून टाकलें आहे. ‘शकला’ हें सिद्धीचें रूप आहे. त्याच्या पोटांत शक्तीहि आहे आणि फलहि आहे. ‘शकत असे’ किंवा ‘शकत होता’ हीं रूपें मात्र नुसती शक्ति सांगतात. फल सांगत नाहींत. ‘तो ती गाडी पकडूं शकत होता,’ असें म्हटलें कीं ऐकणाराच्या मनांत लगेच ‘पण’ उभा राहतो : शकत होता, पण गेलाच नाहीं, शकत होता, पण स्टेशनवर गप्पा मारीत बसला.

इंग्रजी ‘कुड’चें नातें या दोहोंपैकीं दुसऱ्या रूपाशीं आहे. तें कां, हें त्या शब्दाच्या कुळाकडे पाहिल्यास उलगडतें. ‘कॅन’ या क्रियापदाचा प्राचीन इंग्रजींतील अर्थ ‘शकणें’ असा नव्हता; ‘जाणणें’ असा होता. संस्कृतांतील ‘ज्ञा’ धातु हा त्याचा दूरचा आप्त होय. ज्याला एखादी गोष्ट कशी करावी हें ठाऊक आहे, त्याला ती करतां येते. या वाटेनें ‘जाणणें’ या अर्थावरून ‘करतां येणें’ हा अर्थ आला. मराठींतहि ‘त्याला पोहणें येतें’ म्हणजे त्याला पोहण्याची विद्या अवगत आहे, असाच अर्थ नव्हे काय? ‘कुड’ हें त्या जाणण्याचें भूतकाळी रूप. त्याच्या लेखनांत जो ‘एल’ दिसतो आणि उच्चारांत ऐकूं येत नाहीं, तो मूळचा नव्हेच. ‘शुड’ आणि ‘वुड’ या शेजाऱ्यांच्या लेखनांत ‘एल’ होता, म्हणून तो पुढें यालाहि चिकटविण्यांत आला. जुनी ‘जाणण्या’ची खूण इंग्रजींत आणखी एका शब्दांत राहिली आहे. ‘अन्कूथ’ म्हणजे आज ‘रांगडा’; त्याचा मूळचा अर्थ ‘अपरिचित’, न जाणलेला. तात्पर्य, ‘कुड’ हा शब्द अंगीं असलेली विद्या सांगण्यासाठीं जन्मला. त्या विद्येचा अमुक दिवशीं, अमुक वेळीं उपयोग झाला कीं नाहीं, हें सांगणें त्याच्या स्वभावांतच नाहीं.

आतां नियम मांडतां येईल. भूतकाळीं एखाद्याच्या अंगीं एखादी शक्ति, विद्या किंवा संवय बराच काळ होती, एवढेंच सांगावयाचें असल्यास ‘कुड’ वापरावें. उलट, एका विशिष्ट प्रसंगीं ती शक्ति वापरली गेली आणि काम पार पडलें, असें होकारानें सांगावयाचें असल्यास ‘वॉज एबल टू’ वापरावें. कर्ता अनेकवचनी असल्यास अर्थात् ‘वर एबल टू’.

अंबाझरी तलावाचें उदाहरण घ्यावें. ‘लहानपणीं त्याला तासभर पोहतां येत असे,’ याचें इंग्रजी ‘ऍज अ बॉय ही कुड स्विम फॉर ऍन अवर’ असें होईल आणि तें निर्दोष असेल. पण समजा, एका सायंकाळीं तलावांत त्याची नाव उलटली आणि तो पोहून कांठास लागला. घरीं पाठवावयाच्या पत्रांत कोणी लिहिलें, ‘द बोट ओव्हरटर्न्ड, बट ही कुड स्विम टू द शोअर’. इंग्रजी जाणणाऱ्या वाचकाला हें वाक्य अर्ध्यावर सोडल्यासारखें वाटेल. कांठापर्यंत पोहण्याची ताकद त्याच्या अंगीं होती, हें कळलें. पण तो पोहला का? कांठाला लागला का? पत्र वाचणाऱ्या आईच्या काळजाचा ठोका चुकविणारें हें व्याकरण आहे. तेथें ‘बट ही वॉज एबल टू स्विम टू द शोअर’ असेंच लिहिलें पाहिजे.

याच कामासाठीं इंग्रजींत आणखी दोन साधनें आहेत. काम कष्टानें, कसेंबसें साधलें असेल, तर ‘मॅनेज्ड टू’ शोभतें. मराठींत ज्या ठिकाणीं ‘कसेंबसें जमलें’, ‘निभावलें’ असें म्हणावेंसें वाटतें तें याचें स्थान. प्रयत्नांती यश आलें असें थोड्या भारदस्तपणें सांगावयाचें असेल, तर ‘सक्सीडेड इन’ वापरतात. मात्र त्याच्यापुढें क्रियापदाचें ‘इंग’ लागलेलें रूप यावें लागतें. आणि चौथा मार्ग सर्वांत सोपा असून विद्यार्थी त्याच्याकडेच दुर्लक्ष करितात. मराठींत ‘शकला’ आलें म्हणून इंग्रजींत शक्तीचा उल्लेख करावयासच हवा, असें मुळींच नाहीं. ‘ही स्वॅम टू द शोअर’, तो पोहून कांठाला लागला, एवढेंहि पुरतें. झालेली गोष्ट झाली म्हणून सांगण्यांत कमीपणा नाहीं.

नागपूरच्या इतिहासांतील एका प्रसंगाला हीं सर्व रूपें लावून पाहिलीं असतां त्यांतील अंतर अधिक स्पष्ट होतें. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांचें सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. टेकड्या दोन, एक मोठी व एक लहान. लढाईच्या ऐन भरांत भोसल्यांच्या बाजूच्या अरब शिपायांनीं लहान टेकडी जिंकून घेतली. ‘अरब लहान टेकडी घेऊं शकले,’ या वाक्याचें इंग्रजी ‘दि अरब्ज वर एबल टू टेक द स्मॉलर हिल’ असें होईल. येथें ‘कुड टेक’ लिहिल्यास अरबांच्या अंगीं तेवढें बळ होतें, इतकेंच कळेल; टेकडी पडली ही बातमी कळणार नाहीं. पुढें ती टेकडी त्यांच्या हातची गेली आणि मोठी टेकडी तर हातीं आलीच नाहीं. ‘दे कुड नॉट टेक द लार्जर हिल’ असें येथें म्हणतां येईल, आणि येथें ‘कुड’ अगदीं योग्य आहे. तें कां, हें लवकरच दिसेल.

या लढाईनंतर कांहीं महिन्यांनीं इंग्रजांनीं अप्पासाहेबांस कैद केलें आणि पहाऱ्यांत अलाहाबादेच्या वाटेनें रवाना केलें. परंतु १८१८ च्या मे महिन्यांत ते वाटेंतूनच शिपायाच्या वेषांत निसटले. ‘अप्पासाहेब निसटूं शकले’ हें वाक्य ‘अप्पासाहेब कुड एस्केप’ असें लिहिलें, तर इंग्रजी वाचकाला वाटेल कीं पहारा ढिला होता आणि पळून जाण्यास वाव होता. ते खरोखर निसटले हें सांगण्यास ‘अप्पासाहेब वॉज एबल टू एस्केप’ किंवा त्याहून सरस ‘मॅनेज्ड टू एस्केप’ हवें. पुढें इंग्रजांच्या हातीं ते पुनः लागले नाहींत. १८४० सालीं जोधपूर येथें त्यांचा अंत झाला. ‘द ब्रिटिश कुड नॉट रीकॅप्चर हिम’. पुनः नकार, आणि पुनः ‘कुड’.

नकारांत ‘कुड’ला ही मोकळीक कां मिळते? होकारांत एका प्रसंगाला तें चालत नाहीं आणि नकारांत मात्र चालतें, हा इंग्रजीचा लहरीपणा नव्हे. त्यामागें साधें तर्कशास्त्र आहे. शक्ति असली म्हणजे कृति घडतेच, असें नाहीं. पोहतां येणारा माणूस कांठावर बसूनहि राहील. परंतु शक्तीच नसली, तर कृति घडणारच नाहीं. म्हणून ‘शक्ति होती’ एवढ्यानें ‘काम झालें’ हें सिद्ध होत नाहीं. पण ‘शक्ति नव्हती’ म्हटल्याबरोबर ‘काम झालें नाहीं’ हें आपोआप सिद्ध होतें. ‘कुड नॉट’ म्हटलें कीं सांगण्यासारखें कांहींच उरत नाहीं. या एका वाक्यांत सर्व नियमाचें मर्म आहे, आणि तें ज्याला उमगलें त्याला पुढचे अपवाद पाठ करावे लागत नाहींत.

नागपूरकरांच्या स्मरणांतील आणखी एक घटना येथें उदाहरणादाखल घेतां येईल. या शहरांत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाचें नांव अग्रभागीं येतें. हिस्लॉप कॉलेजला त्यांचेंच नांव आहे. ते भूस्तरशास्त्राचे नामांकित अभ्यासक होते आणि या प्रदेशांतील खडकांची व त्यांत सांपडणाऱ्या जीवावशेषांची त्यांनीं कसून पाहणी केली. खडक वाचण्याची विद्या त्यांच्या अंगीं मुरलेली होती. तेथें ‘हिस्लॉप कुड रीड द रॉक्स’ असें खुशाल म्हणावें, कारण ती वर्षानुवर्षांची शक्ति होती. परंतु ४ सप्टेंबर १८६३ या दिवशीं टाकळघाटकडून परत येतांना पुरानें फुगलेला प्रवाह त्यांना ओलांडतां आला नाहीं, आणि ते त्यांत बुडाले. ‘ही कुड नॉट क्रॉस द स्ट्रीम’. प्रसंग एकच, दिवस एकच; तरी नकारामुळें ‘कुड’ बिनधोक आहे. दैवानें त्या दिवशीं साथ दिली असती आणि ते पैलतीरास लागले असते, तर मात्र तेंच वाक्य होकारांत लिहितांना ‘कुड’ टाकून ‘वॉज एबल टू’ घ्यावें लागलें असतें.

नकाराच्या अगदीं शेजारीं बसणारे कांहीं शब्द आहेत. त्यांनाहि नकाराचीच सवलत मिळते. ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम, आणि ‘ओन्ली’ म्हणजे केवळ. ‘ही कुड हार्डली स्टँड’, त्याला जेमतेम उभें राहतां आलें. ‘शी कुड ओन्ली राइट हर नेम’, तिला नुसतें नांव लिहितां आलें. अशीं वाक्यें एका प्रसंगाचीं असलीं तरी शुद्ध आहेत, कारण त्यांचा सगळा रोख न जमलेल्या गोष्टीकडे आहे.

दुसरा अपवाद ज्ञानेंद्रियांचा. पाहणें, ऐकणें, वास येणें, समजणें, आठवणें या अर्थाच्या क्रियापदांबरोबर इंग्रजी माणूस एका प्रसंगालाहि ‘कुड’च वापरतो. ‘फ्रॉम द हिल वी कुड सी द लाइट्स ऑफ द सिटी’, टेकडीवरून शहराचे दिवे दिसत होते. विद्यार्थी येथें गोंधळतो, आणि नियम मोडला असें त्याला वाटतें. परंतु मराठी वाक्याकडेच नीट पाहावें. ‘दिवे दिसले’ असें न म्हणतां ‘दिवे दिसत होते’ असें मराठी माणूसहि म्हणतो. ‘भजन ऐकूं येत होतें’, ‘मोगऱ्याचा वास येत होता’ असेंच बोलतो. कारण दिसणें किंवा ऐकूं येणें हें एका क्षणीं उरकून टाकण्याचें काम नसून ती कांहीं वेळ टिकणारी अवस्था आहे. अवस्था म्हटली कीं ‘कुड’चें राज्य आलें. अपवाद वाटणारी ही गोष्ट म्हणजे नियमाचीच साक्ष आहे. म्हणूनच ‘दिसत होतें’, ‘येत होतें’, ‘समजत होतें’ असें मराठी रूप मनांत आल्यास ‘कुड’ लिहिण्यास बहुधा हरकत नसते.

आतां राहिलें ‘कुड हॅव’. ज्या शक्तीचा उपयोग झालाच नाहीं, जी संधि हातची गेली, तिच्यासाठीं हें रूप आहे. मराठींत त्याला ‘शकला असता’, ‘करतां आलें असतें’ अशीं चोख रूपें आहेत. सीताबर्डीच्या लढाईविषयीं बोलतांना ‘लहान टेकडी घेतल्यावर मोठीहि घेतां आली असती,’ असें कोणी हळहळून म्हणेल, तर त्याचें इंग्रजी ‘दे कुड हॅव टेकन द लार्जर हिल ऍज वेल’ असें होईल. ‘कुड हॅव’ उच्चारतांच इंग्रजी कानाला त्यांतून हुकलेल्या गोष्टीची खंत किंवा करावयाचें तें न केल्याचा ठपका ऐकूं येतो. ‘तुला निदान पत्र तरी पाठवितां आलें असतें,’ हें आईचें बोलणें इंग्रजींत नेमकें याच रूपानें उतरतें.

पण सावधगिरी येथेंच अधिक हवी. ‘कुड हॅव’चा दुसराहि एक अर्थ आहे, आणि तो केवळ तर्काचा आहे. ‘ही कुड हॅव ओपन्ड द लॉक’ याचा अर्थ ‘त्याला कुलूप उघडतां आलें असतें, पण उघडलें नाहीं’ असाहि होईल, आणि ‘कुलूप त्यानेंहि उघडलें असेल’ असाहि होईल. एकांत तो निर्दोष ठरतो. दुसऱ्यांत त्याच्यावर बोट रोखलें जातें. मराठी ‘असता’ आणि ‘असेल’ यांत हे दोन अर्थ निरनिराळे ठेवते. इंग्रजी ते एकाच शब्दांत कोंबते आणि निवाडा संदर्भावर सोपविते. अशा वेळीं भाषांतरकारानें एक वाक्य अधिक खर्चून अर्थ मोकळा करावा. शब्दांची काटकसर करूं नये.

येथवरच्या विवेचनांतून एक गोष्ट सहज दिसून येते : या बाबतींत मराठी इंग्रजीपेक्षां तोकडी नाहीं, उलट ती अधिक काटेकोर आहे. तिच्यापाशीं ‘शकणें’ आहे. ‘करतां येणें’ आहे, आणि त्यांत विद्येचा भाव अधिक आहे. शिवाय ज्याला मराठी व्याकरणांत शक्य क्रियापद म्हणतात, तेंहि आहे. ‘आजोबांना आतां जिना चढवतो,’ ‘तिला तें दुःख बघवलें नाहीं’ या वाक्यांतील ‘चढवतो’ आणि ‘बघवलें’ हीं तीं रूपें होत. शरीराची किंवा मनाची ताकद पुरणें न पुरणें हा त्यांचा खास प्रांत. ‘बघवलें नाहीं’ याचें इंग्रजी करतांना ‘कुड नॉट सी’ म्हटल्यास डोळ्यांना दिसत नव्हतें असा अर्थ होऊन बसेल. तेथें ‘कुड नॉट बेअर टू लुक’, म्हणजे पाहणें सोसवलें नाहीं, असें म्हणावें लागतें.

शक्तीचें बोलतां बोलतां सिद्धि सांगून जाण्याचा हा गुण एकट्या मराठीचा नाहीं. नागपुरांत मराठीच्या बरोबरीनें कानीं पडणाऱ्या हिंदींतहि ‘वह भाग सका’ आणि ‘वह भाग सकता था’ यांत हेंच अंतर आहे. फ्रेंच भाषेंतहि शकण्याच्या क्रियापदाचें एक भूतकाळी रूप नुसती शक्ति सांगतें आणि दुसरें पार पडलेलें काम सांगतें. राजेश भट्ट या भाषाशास्त्रज्ञानें १९९९ सालीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील आपल्या प्रबंधांत हिंदी, ग्रीक आदि भाषांच्या आधारें या प्रश्नाची चिकित्सा केली, आणि त्यानंतर अनेक देशांतील अभ्यासकांनीं तो विषय पुढें नेला. म्हणजे जी गोष्ट घरांत बोलतांना नागपूरचें शाळकरी पोर न चुकतां पाळतें, तीच विद्यापीठांत संशोधनाचा विषय झाली आहे. मुलाजवळ ज्ञान आहे. त्याला फक्त तें आपल्याजवळ आहे हें ठाऊक नसतें.

म्हणून घरीं मुलांचा अभ्यास घेणाऱ्या पालकांनीं व शिकविणाऱ्यांनीं नियमांची लांब यादी पाठ करून घेण्यापेक्षां एकच युक्ति शिकवावी. इंग्रजी वाक्य लिहिण्यापूर्वीं मुलानें मराठी वाक्य मनाशीं उच्चारावें आणि स्वतःस विचारावें : ‘जमत होतें, कीं जमलें?’ उत्तर ‘जमत होतें’ असें आलें तर ‘कुड’. उत्तर ‘जमलें’ असें आलें तर ‘वॉज एबल टू’, ‘मॅनेज्ड टू’, किंवा साधें भूतकाळी क्रियापद. उत्तर ‘जमलें नाहीं’ असें आलें तर ‘कुड नॉट’ निर्धास्तपणें लिहावें. आणि ‘जमलें असतें’ असें आलें तर ‘कुड हॅव’. होकारांत मन द्विधा झालेंच, तर ‘वॉज एबल टू’ लिहावें. कारण तें नुसत्या शक्तीलाहि चालतें आणि सिद्धीलाहि चालतें, तेव्हां त्यानें अर्थ बुडत नाहीं. इंग्रजी सुधारण्यासाठीं मराठी विसरावयास नको. या ठिकाणीं तरी मराठी हीच खरी कसोटी आहे.

आणि शेवटीं पुनः त्या कुलपाकडे यावयाचें. पहारेकऱ्याच्या साक्षींत ‘उघडतां येत असे’ असेल, तर कागदावर ‘ही कुड ओपन द लॉक’ असावें. ‘उघडतां आलें’ असेल, तर ‘ही वॉज एबल टू ओपन द लॉक’ असावें. ‘उघडतां आलें नाहीं’ असेल, तर ‘ही कुड नॉट ओपन द लॉक’. आणि ‘उघडतां आलें असतें’ असेल, तर ‘ही कुड हॅव ओपन्ड द लॉक, बट ही डिड नॉट’ असें, शेवटचें शेपूट न गाळतां असावें. वाक्यें चार, कुलूप एक आणि माणूसहि एकच. परंतु त्या माणसानें रात्रीं घरीं निजावयास जावें कीं तुरुंगांत, हें या चार वाक्यांतील कोणतें वाक्य न्यायाधीशापुढें पोंचतें, यावर अवलंबून राहील. पहारेकऱ्यानें आपलें काम मराठींत चोख बजावलें. इंग्रजींत तें तितकेंच चोख उतरविणें हें शिकलेल्या माणसाचें काम होय.